रस्त्याकडेचे निकामी खांब हटवण्याचे नियम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्या खांबाला खेटून जुना खांब उभा असतो. शेंडा कापलेला, कमरेला दोन-चार काळ्या केबली, बुंध्याशी भेग. खरं तर त्याने तारा पेललेल्या नसतात, तारांनीच त्याला धरून ठेवलेलं असतं. अशा खांबांबद्दल नागरिक, लोकप्रतिनिधी, ठेकेदार आणि रस्ते विभागातले अभियंते जे पुन्हा पुन्हा विचारतात, त्याची उत्तरं इथे दिली आहेत. कायदे देशोदेशी वेगळे आहेत. दुखणं मात्र सगळीकडे एकच.

निकामी खांब नेमका कशाला म्हणायचं?

बोलताना आपण तीन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो. पहिला जुळा खांब : शेजारी नवा उभा राहिला, पण जुन्यावरच्या काही तारा अजून हलल्या नाहीत. दुसरा ओसाड खांब : त्याच्यावर काहीच उरलेलं नाही, फक्त कोणी काढून नेलेला नाही. तिसरा नुसता बुंधा, म्हणजे वरचा भाग कापून नेला आणि गुडघाभर तुकडा जमिनीत सोडला. नियम लिहिताना या तिघांची व्याख्या वेगवेगळी केली नाही तर कंपनीला पळवाट मिळते. बुंध्याची तक्रार केली की उत्तर येतं, ‘आमच्या नोंदीप्रमाणे खांब काढलेला आहे.’ नोंद खरी असते आणि माणूस ठेचकाळतो तेही खरंच असतं.

चौथा प्रकारही आहे, तो जरा अवघड. खांब रिकामा असतो, पण मालक म्हणतो की पुढे लागेल म्हणून राखून ठेवलाय. असं राखून ठेवायला हरकत नसावी, पण ते लेखी हवं आणि त्यावर तारीख हवी. तारीख उलटली की खांब आपोआप निकामी धरला जावा.

जुना खांब काढून त्याच खड्ड्यात नवा का बसवत नाहीत?

कारण तारा चालू असतात. आधी जुना काढायचा म्हटलं तर वीज, फोन, इंटरनेट सगळं एकाच वेळी बंद ठेवावं लागेल आणि तारा तेवढा वेळ हवेत कुठेतरी टांगाव्या लागतील. म्हणून हात-दोन हात अंतरावर नवा खड्डा घेतात, नवा खांब उभा करतात आणि एकेक तार त्याच्यावर घेतात. काही दिवस दोन खांब शेजारी दिसणं हा कामाचाच भाग आहे. त्यावर तक्रार करू नये.

मग काही दिवसांची वर्षं कशी होतात?

सगळ्या प्रश्नाचं मूळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

खांबाकडे खालून वर बघा. माणसाच्या डोक्याच्या बऱ्याच वर पहिल्यांदा दूरसंचाराच्या केबली लागतात : जुनी तांब्याची टेलिफोन केबल, टीव्हीची केबल, एखाद-दुसरं फायबर आणि त्याचा गुंडाळून ठेवलेला लूप. त्यांच्यावर मोकळी जागा सोडलेली असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत सुरक्षा संहितेत हे अंतर सर्वसाधारणपणे ४० इंच, म्हणजे मीटरभर आहे. केबलवाल्याचा हात चुकूनही विजेच्या तारेला लागू नये, हा त्याचा हेतू. त्याच्या वर कमी दाबाच्या तारा आणि अगदी शेंड्याला आडव्या पट्टीवर इन्सुलेटरवरून जाणारी उच्च दाबाची लाइन.

आता हे सगळं नव्या खांबावर न्यायचं तर सुरुवात वरून होते. वीज कंपनी शटडाऊन घेते, आपल्या तारा हलवते आणि बहुतेकदा जुन्या खांबाचा शेंडा कापून निघून जाते. तिच्या दृष्टीने काम झालं. मग पाळी पहिल्या केबलवाल्याची. त्याची गाडी आली, त्याने आपली केबल हलवली. मग दुसरा. मग तिसरा. प्रत्येकाची माणसं वेगळी, ठेकेदार वेगळा, कामांची यादी वेगळी. मधला एकजण आला नाही की त्याच्या खालचे सगळे थांबतात, कारण केबलींचा वर-खालचा क्रम मोडता येत नाही. फायबरला ढील ठेवलेली नसेल तर ती नुसती सरकवता येत नाही, कापून पुन्हा जोडावी लागते आणि त्यासाठी सेवा बंद ठेवायची वेळ ठरवावी लागते.

शिवाय या कामातून कोणालाच एक पैसा मिळत नाही. नवीन ग्राहक जोडला तर महिन्याला बिल निघतं. जुन्या खांबावरची केबल नव्यावर नेली तर निघतो तो फक्त खर्च. त्यामुळे यादीत हे काम कायम तळाला असतं. कोणी मुद्दाम अडवत नाही. प्रत्येकाला ते उद्या केलं तरी चालणार असतं, इतकंच.

क्रेन लावून रिकामा खांब उपटायला फार तर अर्धा दिवस लागतो. वर्षं लागतात ती शेवटची केबल हलायला. म्हणून जो नियम फक्त ‘खांब काढा’ एवढंच सांगतो तो चुकीच्या माणसाला धरतो.

खांबाचा मालक कोण, हे रस्त्यावर उभं राहून कसं ओळखायचं?

डोळ्याच्या उंचीला किंवा थोडं वर पत्र्याची पट्टी, रंगवलेला क्रमांक किंवा खिळ्याने ठोकलेला बिल्ला असतो. ती मालकाची खूण. बाकीच्या केबली भाडेकरूंच्या. त्यांची नावं केबलवरच्या छोट्या प्लास्टिकच्या टॅगवर सापडतात, लावलेले असतील तर. काही देशांत वीज आणि टेलिफोन कंपनीची खांबावर सामाईक मालकीही असते. जुळ्या खांबांत जुन्याचा क्रमांक आणि नव्याचा क्रमांक वेगळा असू शकतो, तेव्हा दोन्ही टिपून घ्या.

रस्त्याची जागा मात्र रस्ते प्राधिकरणाची. खांबाचा मालक तिथे परवान्याने किंवा कायद्याने मिळालेल्या अधिकाराने उभा असतो. नियमन करायचं ते याच दोरीने.

मुदत किती दिवसांची असावी?

ठोस उदाहरण घेऊ. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कायद्यात, प्रकरण १६४ कलम ३४ब मध्ये, नवा खांब उभा केल्यापासून ९० दिवसांत तारा हलवणं, दुरुस्ती आणि जुना खांब हटवणं पूर्ण करायला सांगितलं आहे. वर्षापेक्षा जास्त चालणाऱ्या मंजूर व्यापारी किंवा औद्योगिक बांधकामासाठी सहा महिन्यांची सवलत आहे. खांबाच्या मालकाने काम सुरू होण्याआधी निदान ४८ तास इतर वापरकर्त्यांना कळवायचं, हेही त्यात आहे.

या कलमातली घेण्यासारखी गोष्ट म्हणजे घड्याळ कधी सुरू होतं हे वादातीत आहे. नवा खांब उभा राहिलेला शेजारच्या दुकानदारालाही दिसतो. ‘खांब निरुपयोगी ठरल्यापासून’ अशी भाषा वापरली असती तर तो कधी ठरला यावरच पत्रव्यवहार झाला असता.

उणीव अशी की घड्याळ एकच आहे आणि ते मालकाच्या हातावर बांधलेलं आहे. कलमात प्रत्येक केबलवाल्याचे दिवस वेगळे मोजलेले नाहीत, मुदत चुकवली तर किती दंड हेही त्यात लिहिलेलं नाही. मालकाने केबलवाल्यांकडून वेळेत काम करून घ्यावं, एवढंच म्हटलं आहे. माझ्या मते टप्प्यांची मुदत बरी : वीज कंपनीला अमुक दिवस, तिने हलवल्याची नोंद झाली की पुढच्याला तमुक दिवस, आणि शेवटची केबल निघाल्यावर मालकाला खांब उचलायला दोन-तीन आठवडे. एकूण आकडा ९० असो की १२०, त्याने तितका फरक पडत नाही. आज हे काम कोणाच्या दारात पडलंय, हे कोणालाही सांगता आलं पाहिजे.

ते कळणार कसं? नोंदवही कोण ठेवणार?

सर्वांना दिसेल अशी एकच नोंद लागते. अमेरिकेत नॅशनल जॉइंट युटिलिटीज नोटिफिकेशन सिस्टीम नावाची सामाईक व्यवस्था आहे. त्यात खांबाचं एक तिकीट निघतं, एकाने आपलं काम संपवल्याची नोंद केली की ते पुढच्याच्या नावावर सरकतं. सभासद नसलेल्याला किंवा नोंद न भरणाऱ्याला ती काही करू शकत नाही, पण कल्पना बरोबर आहे.

छोट्या गावाला संगणकप्रणालीच हवी असं नाही. खांब क्रमांक, ठिकाण, नवा उभारल्याची तारीख, वरच्या केबलींचे मालक उतरत्या क्रमाने, प्रत्येकाने हलवल्याची तारीख आणि एक फोटो. एवढा तक्ता पुरतो. त्यातला ‘प्रत्येकाने हलवल्याची तारीख’ हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच बहुतेक तक्त्यांत नसतो. ‘कार्यवाही सुरू’ असा रकाना मात्र असतो.

जबर दंड लावला की प्रश्न सुटेल ना?

थोडासा. दंड एकट्या मालकावर लावला तर तो केबलवाल्याकडे बोट दाखवतो, आणि बोट बरोबर दिशेला असतं. सगळ्यांवर सारखा लावला तर वेळेत काम केलेल्यालाही भुर्दंड. म्हणून ज्याची पाळी अडली आहे त्याच्यावरच, दर दिवसाच्या हिशेबाने, आणि ती रक्कम ग्राहकांच्या दरात मिसळता येणार नाही अशी स्पष्ट अट घालून. ही अट विसरली तर दंड शेवटी तक्रारदारच भरतो.

दंडापेक्षा दोन उपाय जास्त चालतात असं मला वाटतं. एक, नव्या परवान्याला जुनं काम बांधणं : ठरावीक संख्येपेक्षा जास्त खांब मुदतीबाहेर अडवून ठेवणाऱ्या कंपनीला त्या हद्दीत नव्या केबलीची परवानगी नाही. आणीबाणीची दुरुस्ती आणि घरगुती जोडणी यातून वगळावी, नाहीतर शिक्षा भलत्यालाच.

दुसरा उपाय म्हणजे मालकाला किंवा एका मान्यताप्राप्त ठेकेदाराला सगळ्यांच्या केबली एका खेपेत हलवायचा अधिकार देणं आणि खर्च ज्याचा त्याच्याकडून वसूल करणं. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने २०१८ मध्ये याच धर्तीचा नियम केला, पण तो नवी केबल चढवताना आधीच्या केबली सरकवण्यासाठी, तेही साध्या कामांपुरता आणि दूरसंचाराच्या पट्ट्यापुरता. खांब हटवण्यालाही तेच तत्त्व लावता येईल. आक्षेप ठरलेले असतात : ‘परक्या माणसाने आमचं फायबर तोडलं तर?’ आक्षेप खोटा नाही. म्हणून आधी नोटीस, ठरावीक दिवस वाट पाहणं, पात्र ठेकेदारांची यादी आणि नुकसानभरपाईचा विमा, हे चारही नियमात लागतं. विजेच्या तारांना मात्र हा अधिकार कधीही लागू करू नये. तिथे चूक झाली तर माणूस जातो.

रस्तादिव्याचं काय?

विचारलंत ते बरं केलं. पथदिव्यांची देखभाल बऱ्याच ठिकाणी स्थानिक संस्थेकडेच असते, आणि जुन्या खांबावर शेवटी उरलेली वस्तू तिचाच दिवा असतो. कंपन्यांना नोटीस काढण्याआधी आपला दिवा नव्या खांबावर गेला का, ते बघून घ्यावं.

खांब जमिनीलगत कापून टाकला तर चालतं का?

चालवून घेऊ नये. खांब जमिनीत किती असतो याचा एक जुना ठोकताळा आहे : लांबीचा दहावा भाग आणि वर दोन फूट. काही ठिकाणी लांबीचा सहावा भाग धरतात. १२ मीटरच्या खांबाला दोन्ही हिशेबांनी १.८ ते २ मीटर येतं. म्हणजे वरून कापला तर जमिनीखाली पुरुषभर उंचीचा तुकडा राहतो. लाकडाचा असेल तर तो आतून कुजतो, पोकळी होते आणि काही वर्षांनी फुटपाथ खचतो. लोखंडी असेल तर गंजलेली कड वर राहते, रात्री पायाला लागते.

नीट काम असं दिसतं. आधी आसपासच्या पाणी, गॅस आणि विजेच्या भूमिगत वाहिन्या शोधून जमिनीवर रंगाने खुणा करतात. मग बुंध्याला साखळी बांधून हायड्रॉलिक जॅकने खांब आधी थोडा सैल करतात, कारण वर्षानुवर्षं दबलेली माती त्याला सहज सोडत नाही. नुसत्या क्रेनने हिसका दिला तर खांब तरी मोडतो किंवा क्रेन तरी कलते. सैल झाला की सरळ वर ओढतात. राहिलेला खड्डा एकदम भरत नाहीत, वीतभर थर टाकून प्रत्येक थर धुमसाने ठोकतात. वर तोच पृष्ठभाग, म्हणजे फरशी असेल तर फरशी, डांबर असेल तर डांबर.

अगदी बुंध्याला चिकटून गॅसची किंवा पाण्याची वाहिनी गेली असेल तर उपटण्यात धोका असतो. तेवढ्या प्रसंगी पृष्ठभागापासून बराच खाली कापून पोकळी भरायला परवानगी द्यावी, पण अभियंत्याच्या सहीने आणि नकाशावर नोंद करून.

भारतातल्या विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ६७ मध्ये परवानाधारकाने रस्ता खोदताना कमीत कमी नुकसान आणि गैरसोय करावी आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यावी असं म्हटलंय. अशी सर्वसाधारण तरतूद बहुतेक देशांच्या कायद्यांत सापडते. खड्डा किती थरांत भरायचा, हे मात्र स्थानिक परवान्याच्या अटींतच लिहावं लागतं.

काढलेला लाकडी खांब मला मिळेल का? बागेत लावायचा आहे.

दिसायला छान असतो, पण नको. खांब कुजू नये म्हणून लाकडात क्रिओसोट, पेंटाक्लोरोफेनॉल किंवा क्रोमियम-तांबं-आर्सेनिकचं मिश्रण मुरवलेलं असतं. पेंटाक्लोरोफेनॉल २०१५ मध्ये स्टॉकहोम करारातल्या बंदी घालायच्या रसायनांच्या यादीत गेलं. तेव्हा जी सूट ठेवली होती ती खांब आणि त्यांच्या आडव्या पट्ट्यांपुरतीच होती, यावरून हे रसायन कुठे खपत होतं ते समजा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनेही २०२२ मध्ये ते टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं.

भाजीच्या वाफ्याला, मुलांच्या झोपाळ्याला किंवा जनावरांच्या गोठ्याला हे लाकूड वापरू नये. शेकोटीत तर मुळीच नाही. आर्सेनिक मुरलेल्या लाकडाच्या राखेतही आर्सेनिक उरतं. काढलेल्या प्रत्येक लाकडी खांबाची विल्हेवाट कुठे लागली याची पावती नियमाने मागावी. लोखंडी खांब भंगारात सहज जातो. सिमेंटचा फोडून त्यातली सळई वेगळी करतात.

खांब वाकलाय, पडेल असं वाटतं. मुदतीची वाट बघायची का?

नाही. तो वेगळा विषय आहे. धोकादायक खांबाला मुदतीचे नियम लागत नाहीत, आपत्कालीन क्रमांकावर लगेच कळवा. तार जमिनीवर आली असेल तर ती चालूच आहे असं धरा, निदान दहा मीटर लांब राहा आणि इतरांना राहायला लावा. जमिनीतूनही विजेचा दाब पसरतो, म्हणून फार जवळ सापडलात तर मोठी पावलं टाकू नका, दोन्ही पाय जुळवून छोट्या छोट्या सरकत्या पावलांनी बाहेर या. ‘ही तर फक्त टीव्हीची केबल आहे’ असं म्हणून कोणी ती उचलायला जातो. ती वर कुठेतरी विजेच्या तारेला टेकलेली असू शकते.

जुन्या खांबाची ताणतार म्हणजे स्टे दिसली तर तिलाही हात लावू नका. शेंडा कापलेल्या खांबाचा तोल कधी कधी तेवढ्यावरच असतो.

रस्ता रुंद झाला आणि खांब मध्यभागी आला. खर्च कोणाचा?

परवान्याने, फुकट किंवा नाममात्र भाड्यावर उभा असेल तर अनेक कायदेपद्धतींत खर्च कंपनीचा. तिने जागेचा हक्क पैसे देऊन विकत घेतला असेल तर बहुधा रस्ता बांधणाऱ्याचा. या दोन टोकांच्या मध्ये पुष्कळ भांडणं आहेत. पण भांडण मिटेपर्यंत डांबर ओतायचं आणि खांबाभोवती पांढरा पट्टा मारून मोकळं व्हायचं, हे कुठल्याच कायद्यात बसत नाही. रस्त्याच्या निविदेतच अट हवी : खांब हलल्याशिवाय त्या पट्ट्यात वरचा थर नाही. खर्चाचा वाद नंतर लवादापुढे न्या.

खांबाच्या ढोलीत पक्ष्याचं घरटं आहे.

पिल्लं उडेपर्यंत थांबा. नियमात तेवढ्यापुरती मुदतवाढ असावी, फोटोसह.

सगळ्या तारा जमिनीखाली नेल्या की हा प्रश्नच राहणार नाही, नाही का?

उलट त्या वाटेवर तो आधी वाढतो. वीज भूमिगत होते, दूरसंचार वरच राहतो आणि उंच खांब विजेशिवाय उभे राहतात, केबलींच्या वळणदार जाळ्यासाठी. जपानने २०१६ मध्ये खांब हटवण्यासाठी स्वतंत्र कायदा केला, १० नोव्हेंबर हा त्यासाठीचा दिवसही ठरवला. तिथे खांबांची संख्या साडेतीन कोटींच्या घरात आहे, त्यामुळे काम पिढ्यांचं आहे.

गंमत म्हणजे खांब हाच मुळात नाइलाजाने निवडलेला मार्ग. सॅम्युअल मोर्सने वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तारयंत्राची लाइन टाकताना आधी तार जमिनीतच पुरायला घेतली होती. आवरण खराब निघालं, पैसे संपत आले, तेव्हा ती खांबांवर चढवली आणि १८४४ मध्ये संदेश गेला. तेव्हापासून आपण वर बघतोय.

तक्रार कशी लिहावी म्हणजे कोणी तरी येईल?

‘आमच्या रस्त्यावर खांबांचा सुळसुळाट आहे’ असं लिहिलं तर फाइल फिरत राहते. एक खांब, एक अर्ज. दोन्ही खांबांचे क्रमांक, जवळची ओळखीची खूण, दोन फोटो : एक बुंध्याचा आणि एक वरचा, ज्यात उरलेल्या केबली मोजता येतील. मग एक वाक्य : ‘या खांबावर अजून अमुक केबली आहेत, वरून पहिली कोणाची आहे ते कळवावं.’ हा प्रश्न मालकाला आणि रस्ते प्राधिकरणाला एकाच वेळी पाठवा. यावर ‘योग्य ती कार्यवाही’ असं उत्तर देता येत नाही, नावच द्यावं लागतं.

खांब निघाला. प्रकरण बंद करायचं का?

नवीन भरलेला खड्डा पहिल्या दिवशी नेहमीच छान दिसतो. कंपनीची अनामत रक्कम एक पावसाळा जाऊ देऊन, टाचेने दाबून बघितल्यावरच परत करावी.